मुळाचं टोक

कोरचीच्या वाटेला, टेकडीच्या उतारावर
माती लाल आहे, भाजल्या कौलासारखी.
किती पावसांनी तिच्यातला चुना धुऊन
खालच्या धानाच्या बांध्यांत नेला
आणि वर उरलं नुसतं आंबटपण.

आंबट मातीत एक धातू सुटा होतो.
तोच, ज्याच्या गंजात आपण भात शिजवतो,
ज्याला आमच्याकडे सगळे जर्मन म्हणतात.
एरवी चिकणमातीत गाडलेला, मुका.
सामू पाचाच्या खाली उतरला
की पाण्यात विरघळून चालू लागतो
आणि पहिली गाठ घेतो मुळाच्या टोकाशी.

वरून काही कळत नाही.
पान हिरवं असतं, शेंडा वाऱ्याला लवतो.
खाली मूळ थबकतं, जाड होतं, तपकिरी,
पेरं छाटलेल्या बोटासारखं.
मग आश्विनाचं ऊन चढतं
आणि हातभर खोल ओल असताना
झाड तहानेनं वाळतं.

इमलाबाई नेवारेचा लसूणघास असा तीनदा गेला.
चौथ्या खेपेला उपटलेली जुडी
युरियाच्या गोणीत गुंडाळून, एसटीनं,
ती आमच्या केंद्रावर आली.
माझ्या टेबलावर माती सांडली.
"पाय पाहा जी याचे," म्हणाली.
"गाय लंगडली का आमी खूर पायतो. तसं."

माझं काम मुळं रंगवायचं.
रोपं एक दिवस धातूच्या पाण्यात,
मग धुवायची,
मग लाकडातून काढलेल्या रंगात बुडवायची.
धातू जिथं शिरला तिथं टोक निळंजांभळं होतं,
जांभळं खाऊन आलेल्या पोरांच्या जिभा जशा.
लसूणघासाच्या चाळीसच्या चाळीस जिभा रंगल्या.
स्टायलोच्या पांढऱ्या,
आम्ही त्या झाडाखाली गेलोच नाही, म्हणणाऱ्या.

तिला सांगितलं, हे मूळ दारातच लिंबू पिळतं.
लिंबात जे आंबट, तेच
थेंबाथेंबानं टोकातून बाहेर सोडतं.
जर्मनचा कण त्यात गुरफटतो,
बसून राहतो ओसरीवर, आत न येता.
उतार तसाच राहतो, माती तशीच लाल,
फक्त टोकाभोवती, केसाएवढ्या जागेत,
पुढं सरकण्यापुरती वाट होते.

ती बराच वेळ पांढऱ्या टोकांकडे पाहत राहिली.
"जर्मनच्या गंजात आमी अंबाडी नाही शिजवत," म्हणाली,
"आंबटानं ते सुटते, गंज काळा पडते.
मंग आंबटच त्याले बांधूनबी ठेवते?"
हो, म्हटलं.
"माहेरच्यासारखंच हाये मंग," म्हणून हसली.
कोणाच्या माहेरच्यासारखं, ते मी विचारलं नाही.

"अन लिंबू आनते कुठून?"
पानांनी उन्हात कमावलेल्या साखरेतून.
जी पाल्यात भरायची, बकरीच्या तोंडी जायची,
तिच्यातलाच वाटा रोज मातीत ओततं.
"म्हंजे राखनदाराची मजुरी.
अन घरात काय उरते?"
मी रजिस्टर उलटलं.
मुळाची लांबी. टोकाचा रंग. शेरा.
उरलेल्याचा रकाना नव्हता.

अर्धा किलो बी घेऊन ती गेली.

पुढच्या भादव्यात त्या उतारावर गेले तेव्हा
स्टायलोला बारीक पिवळी फुलं आली होती,
तिची बांडी गाय जबडा तिरका फिरवत
कुणाचीही पर्वा न करता चरत होती.
मी खुरप्यानं एक झाड काढलं,
मूळ झटकलं,
आणि इमलाबाईची पाठ आहे असं पाहून
टोक जिभेला लावलं.
नुसती माती. कसर, लोखंडी.

"लागते का जी लिंबू?" मागून आवाज आला.
नाही, म्हटलं.
"मलेबी नाही लागलं," ती म्हणाली
आणि गाईला दुसऱ्या बाजूला वळवायला गेली.